‘आयपी नोंदी ठेवत नाही’ म्हणजे काय? पॅरिसमधल्या एका ईमेल खात्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

पॅरिसच्या दहाव्या प्रभागात प्लास सँत-मार्त नावाचा एक छोटा चौक आहे. 2020-21च्या सुमारास, हवामानबदलाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या तरुणांच्या एका गटाने या चौकाच्या आसपासची काही दुकानं आणि घरं ताब्यात घेतली. वस्तीतल्या जागांवर सट्टेबाजी चालली होती, घरं पर्यटकांना भाड्याने जात होती, महागडी रेस्टॉरंटं येत होती. त्याला विरोध म्हणून हा कब्जा होता. फ्रेंच पोलिसांनी तपास सुरू केला.

गटाशी संपर्क साधायचा तर एक ईमेल पत्ता होता, प्रोटॉनमेलवरचा. तो गुप्त नव्हता. कार्यकर्त्यांच्या संकेतस्थळांवर तो उघडपणे दिलेला होता. त्यामुळे पोलिसांना पत्ता शोधायचा नव्हताच. हा पत्ता चालवणारी व्यक्ती कोण, एवढंच त्यांना हवं होतं.

प्रोटॉनमेल ही जिनिव्हातल्या प्रोटॉन या कंपनीची सेवा. सर्न प्रयोगशाळेत भेटलेल्या शास्त्रज्ञांनी ती 2014मध्ये सुरू केली. दोन प्रोटॉनमेल खात्यांमधला मजकूर पाठवणाऱ्याच्या उपकरणावरच कुलूपबंद होतो आणि मिळवणाऱ्याच्या उपकरणावरच उघडतो. बाहेरून, म्हणजे जीमेलसारख्या ठिकाणाहून आलेलं पत्र आल्यावर खातेदाराच्या चावीने बंद करून ठेवलं जातं. शिवाय कंपनीच्या संकेतस्थळावर त्या वेळी असं आश्वासन होतं की, मूळ मांडणीत आम्ही खात्याशी जोडता येतील अशा आयपी नोंदी ठेवत नाही. आयपी म्हणजे इंटरनेट जोडणीचा पत्ता.

1 सप्टेंबर 2021 रोजी गटाने आपल्याविरुद्धच्या तपासाचा आणि खटल्यांचा आढावा घेणारा मजकूर प्रसिद्ध केला. पाठोपाठ पोलिस अहवालातला एक उतारा ट्विटरवर फिरू लागला. कंपनीने खात्याची माहिती पुरवली असल्याचं त्यात स्पष्ट दिसत होतं. 6 सप्टेंबरला कंपनीने खुलासा केला.

व्यक्तींची नावं इथे घेतलेली नाहीत. प्रकरण समजायला ती लागतही नाहीत.

नेमकं काय दिलं गेलं

खातं उघडल्याची तारीख, खात्याशी जोडलेला आयपी अॅड्रेस आणि वापरलेल्या उपकरणाची माहिती. पत्रांचा मजकूर दिला गेला नाही, कारण तो वाचता येईल अशा रूपात कंपनीकडे नव्हताच. एन्क्रिप्शन, म्हणजे मजकुराचं ते कुलूप, कुणी फोडलं नाही. सगळं गणित ज्याला मेटाडेटा म्हणतात त्याच्यावर झालं: संवादात काय लिहिलंय ते सोडून, संवाद कुणी, कधी, कुठून केला याच्या नोंदी.

पोस्ट ऑफिसात पोस्ट बॉक्स घेतलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याची पत्रं लाखेने बंद आहेत, कारकुनाला ती उघडता येत नाहीत. पण वरून आदेश आला की ‘या क्रमांकाची पेटी उघडायला जो येईल त्याचा चेहरा आणि वेळ टिपून ठेव’, तर लाखेचा काही उपयोग नाही. पेटीपर्यंत माणसाला चालत यावंच लागतं. इंटरनेटवरही तसंच होतं. लॉगिनचं पाकीट सर्व्हरला पोहोचतं तेव्हा उत्तर कुठे पाठवायचं ते त्यावर असावंच लागतं, आणि ते ‘कुठे’ म्हणजेच आयपी अॅड्रेस.

आयपी अॅड्रेसवरून माणूस कसा सापडतो, हेही नीट पाहायला हवं, कारण बचाव याच साखळीत कुठेतरी करता येतो. आयपीच्या आकड्यांवरून तो कुठल्या इंटरनेट पुरवठादाराचा आहे ते सार्वजनिक नोंदींतून मिनिटभरात कळतं. मग पोलिस पुरवठादाराला विचारतात, ‘अमुक दिवशी, अमुक सेकंदाला हा पत्ता कुणाकडे होता?’ फ्रान्समध्ये पुरवठादारांना अशा जोडणीच्या नोंदी वर्षभर ठेवाव्या लागतात. घरच्या फायबर जोडणीवर बहुधा एका आयपीमागे एकच ग्राहक असतो, त्यामुळे उत्तर सरळ मिळतं. मोबाइलवर एकाच आयपीमागे शेकडो ग्राहक असू शकतात. तिथे नुसता आयपी पुरत नाही, पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यामागच्या जोडण्या वेगळ्या ओळखणारा आकडा) आणि अचूक वेळही लागते. पोर्टची नोंद नसेल तर साखळी इथेच अडकू शकते. पण सोबत उपकरणाची माहिती असेल तर संशयितांची यादी लगेच आखडते, आणि या प्रकरणात ती होती.

आदेश कसा आला

फ्रेंच पोलिस स्विस कंपनीला थेट आदेश देऊ शकत नाहीत. स्विस दंडसंहितेच्या 271व्या कलमानुसार कंपनीने परकीय यंत्रणेला परस्पर माहिती देणं हाच गुन्हा ठरतो. म्हणून फ्रेंच विनंती युरोपोल या युरोपीय पोलिस संस्थेमार्फत स्विस यंत्रणेकडे गेली, तिथे तिची कायदेशीर छाननी झाली आणि मग स्विस आदेश निघाला. ज्या कृत्याचा तपास आहे ते स्विस कायद्यातही गुन्हा ठरतं का, हा छाननीतला कळीचा प्रश्न. तो ठरतो, असा निष्कर्ष निघाला. त्यामुळे या आदेशाविरुद्ध दाद मागायला जागाच उरली नाही, असं कंपनीने सांगितलं. आदेश कुणाबद्दल आहे हे आपल्याला माहीत नव्हतं आणि एरवी गंभीर गुन्ह्यांसाठी वापरला जाणारा मार्ग इथे वापरला गेला, असंही तिचं म्हणणं होतं.

यातला सर्वांत महत्त्वाचा तपशील बातम्यांच्या गदारोळात मागे पडला. कंपनीकडे जुन्या आयपी नोंदींचा साठा नव्हता. आदेश आल्यानंतर त्या एका खात्यापुरती नोंद सुरू करण्यात आली. म्हणजे संकेतस्थळावरचं आश्वासन आदल्या दिवसापर्यंत अक्षरशः खरं होतं. दुसऱ्या दिवशी एका माणसापुरतं ते खरं राहिलं नाही आणि त्या माणसाला याची कल्पना नव्हती. तपासात माहिती वापरली जाणार असेल तर खातेदाराला कळवणं स्विस कायद्याने बंधनकारक आहे, पण ते कळवणं लांबणीवर टाकता येतं.

कंपनीसमोरचे पर्याय

आदेश मोडणं हा खरा पर्याय नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये राहून, तिथल्या कायद्याचं संरक्षण जाहिरातीत सांगून, त्याच कायद्याचा आदेश नाकारता येत नाही.

सेवा बंद करणं शक्य होतं. अमेरिकेतल्या लाव्हाबिट या ईमेल सेवेने 8 ऑगस्ट 2013 रोजी तेच केलं होतं. पण तिथे तपास यंत्रणेने मागितली होती सगळ्या सेवेची चावी, म्हणजे प्रत्येक खातेदाराची वाहतूक उघडी पडली असती. इथे मागणी एका खात्याच्या लॉगिनपुरती होती. तेवढ्यासाठी बाकी सगळ्यांची पेटी बंद करणं कुणालाच पटलं नसतं.

तिसरा पर्याय रचनेचा, म्हणजे आदेश आला तरी देता येण्यासारखं काही हाती येणारच नाही अशी सेवा बांधायची. ईमेलमध्ये हे फार अवघड आहे. पत्ते आणि वेळा कळल्याशिवाय टपाल पोहोचत नाही, आणि प्रोटॉनमेलमध्ये विषयाची ओळही टोकापासून टोकापर्यंत बंद नसते. खातेदाराचा आयपी लपवायचा तर वाहतूक टॉर जाळ्यातून, म्हणजे जोडणी अनेक संगणकांतून फिरवून मूळ पत्ता लपवणाऱ्या व्यवस्थेतून, यायला हवी. प्रोटॉनमेलने टॉरवरचा आपला वेगळा ओनियन पत्ता (फक्त टॉरमधून उघडणारा) जानेवारी 2017पासून दिलेला होता. तो वापरला असता तर आदेशानंतरची नोंद निरुपयोगी ठरली असती. पण तो सक्तीचा नव्हता आणि सर्वसामान्य ग्राहकाला सक्तीचा करणं व्यवहार्यही नाही.

राहिला चौथा पर्याय, संकेतस्थळावरचे शब्द. हा पूर्णपणे कंपनीच्या हातात होता, कुठल्याही आदेशाच्या कितीतरी आधी. मला या प्रकरणातली खरी चूक इथेच दिसते. ‘मूळ मांडणीत’ हा शब्द वकिलाला ‘अपवाद आहेत’ असं सांगतो. साध्या वाचकाला तो दिसतच नाही, त्याला फक्त ‘ठेवत नाही’ दिसतं. 2020 या एकाच वर्षात कंपनीला तीन हजारांहून जास्त सरकारी आदेश आले होते, आणि हे तिच्याच पारदर्शकता अहवालात नोंदलेलं होतं. ही माहिती दर्शनी पानावर आश्वासनाच्या शेजारी असायला हवी होती. एक वाक्य पुरलं असतं: ‘स्विस आदेश आला तर तुमच्या खात्याचा आयपी आम्हाला टिपावा लागेल, ते नको असेल तर टॉरवरून या.’

खातेदारासमोरचे पर्याय

नेहमीच्या ब्राउझरमधून किंवा फोनवरच्या अॅपमधून खातं उघडणं सर्वांत सोयीचं, आणि सर्वांत धोक्याचं. अॅप उघडलं नाही तरी ते पार्श्वभूमीत सर्व्हरशी बोलत राहतं. घरच्या वायफायवरून एकदा, ऑफिसातून एकदा, प्रवासात मोबाइल डेटावरून एकदा अशा नोंदी जमल्या की त्यातून दिनक्रम उभा राहतो.

व्हीपीएन (आपली वाहतूक दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा) घेतला तर ईमेल सेवेला व्हीपीएनचा आयपी दिसतो. पण विश्वास एका कंपनीकडून दुसरीकडे सरकतो, एवढंच होतं. जोडणी मध्येच तुटली आणि तुटल्यावर सगळं इंटरनेट बंद करणारी सोय चालू नसेल तर खरा आयपी क्षणात उघडा पडतो. आदेशाखालच्या खात्याला असं एक लॉगिनसुद्धा पुरे. ईमेल आणि व्हीपीएनला स्विस कायदा वेगवेगळं मानतो आणि आपल्या व्हीपीएन सेवेवर नोंद ठेवण्याची सक्ती करता येत नाही, असं कंपनीने त्याच खुलाशात सांगितलं होतं. नोंद खरोखर नसेल तर काय होतं ते स्वीडनमध्ये दिसलं. 18 एप्रिल 2023 रोजी पोलिस मलव्हाड या व्हीपीएन कंपनीच्या गोथेनबर्ग कार्यालयात झडतीचं वॉरंट घेऊन गेले आणि रिकाम्या हाताने परतले.

टॉर ब्राउझरमधून, ओनियन पत्त्यावरूनच खातं वापरणं हा या गरजेला सर्वांत जुळणारा मार्ग होता. त्यालाही मर्यादा आहेत. तुमच्या पुरवठादाराला तुम्ही टॉर वापरता एवढं दिसतंच. डिसेंबर 2013मध्ये हार्वर्ड विद्यापीठात बॉम्बची खोटी धमकी देणाऱ्या विद्यार्थ्याने टॉर आणि तात्पुरती ईमेल सेवा वापरली होती. पण विद्यापीठाच्या स्वतःच्या नेटवर्कवर त्या वेळी टॉर वापरणारे मोजकेच होते. चौकशी त्यांच्यापासून सुरू झाली आणि तो सापडला. जिथे टॉर वापरणारे तुम्ही एकटेच, तिथे टॉरचा आडोसा फार पातळ असतो.

ईमेल सोडून सिग्नलसारखी संदेश सेवा वापरायची, हाही विचार करण्यासारखा पर्याय होता. 2016मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीने माहिती मागवली तेव्हा सिग्नलकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. मात्र 2021मध्ये सिग्नलवर संपर्कासाठी फोन नंबर द्यावाच लागे, वापरकर्तानावाची सोय फेब्रुवारी 2024मध्ये आली. भिंतीवर लावायच्या जाहीर संपर्कासाठी तेव्हा ते सोयीचं नव्हतं. म्हणजे जाहीर पत्त्यासाठी ईमेल निवडणं बरोबर होतं. त्या जाहीर पत्त्याचं दार कुठून उघडायचं, तो निर्णय चुकला.

पुढे काय झालं

कंपनीने संकेतस्थळावरचं आयपी नोंदींचं वाक्य काढलं, गोपनीयता धोरण बदललं, आणि ज्यांना ओळख लपवायची आहे त्यांनी टॉर वापरावं असं स्पष्ट सांगितलं. ऑक्टोबर 2021मध्ये स्विस संघीय प्रशासकीय न्यायालयाचा निकाल आला: ईमेल सेवा म्हणजे दूरसंचार कंपनी नव्हे, त्यामुळे दूरसंचार कंपन्यांवर असलेलं सहा महिने माहिती साठवण्याचं बंधन तिला लागू होत नाही. हा निकाल कंपनीच्या बाजूने होता. पण सरसकट साठवणं वेगळं आणि एका खात्यापुरता आदेश वेगळा.

हे मे 2024मध्ये पुन्हा दिसलं. कॅटलोनियातल्या एका आंदोलनाच्या तपासात स्पॅनिश पोलिसांना एका टोपणनावामागची व्यक्ती हवी होती. या वेळी आयपी लागलाच नाही. खातं परत मिळवण्यासाठी त्या व्यक्तीने दुसरा ईमेल पत्ता दिलेला होता, तो अॅपलचा. प्रोटॉनने स्विस आदेशानुसार तो पत्ता दिला आणि अॅपलकडून पुढची ओळख मिळाली. पासवर्ड विसरू नये म्हणून घेतलेली खबरदारीच धागा बनली. 2021च्या प्रकरणानंतर सगळं लक्ष आयपीवर खिळलं आणि साठवलेल्या बाकी रकान्यांकडे कमी लोकांनी पाहिलं.

‘स्विस’ हा शब्दही कायमचा नाही. जानेवारी 2025मध्ये स्विस सरकारने पाळत-नियमांचा नवा मसुदा चर्चेला ठेवला. ठरावीक संख्येपेक्षा जास्त वापरकर्ते असलेल्या ऑनलाइन सेवांवर ओळख पटवण्याचं आणि माहिती साठवण्याचं बंधन त्यात सुचवलेलं होतं. त्यावर प्रोटॉनने आपली काही यंत्रणा स्वित्झर्लंडबाहेर हलवायला सुरुवात केली.

आपल्याकडच्या वाचकाने यात एक भर घालून घ्यायला हवी. मेल सेवा परदेशातली असली तरी पहिली नोंद इथल्या पुरवठादाराकडे होते. डिसेंबर 2021च्या परवाना-दुरुस्तीनंतर भारतात दूरसंचार कंपन्यांना कॉलच्या आणि इंटरनेट जोडणीच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. एप्रिल 2022मध्ये सर्ट-इन या केंद्राच्या सायबरसुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं आणि आयपी पाच वर्षं ठेवायला सांगितलं. त्यावर प्रोटॉनसह काही कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले. एप्रिल 2025मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉनमेल भारतात बंद करण्याची प्रक्रिया सुरू करायला केंद्राला सांगितलं. म्हणून संस्थेचा एकमेव संपर्क एकाच सेवेवर ठेवू नये. कारण गोपनीयतेचं सोडा, उद्या ती सेवा उघडेलच याचीही खात्री नाही.

काय वेगळं करता आलं असतं

आधी धोका ठरवायला हवा होता. मजकूर वाचला जाण्याची भीती असेल तर टोकापासून टोकापर्यंतचं एन्क्रिप्शन पुरेसं आहे. ओळख उघडी पडण्याची भीती असेल तर ते जवळपास निरुपयोगी आहे. या गटाला दुसरा धोका होता आणि साधन पहिल्या धोक्याचं घेतलं होतं. पत्रकार, माहिती अधिकारात काम करणारे आणि समुपदेशन केंद्रं यांच्याकडे हीच गल्लत वारंवार दिसते.

जाहीर पत्ता आणि आतला संवाद वेगळा ठेवायचा. पोस्टरवरचा पत्ता हे तपासाचं पहिलं टोक असणार, हे गृहीत धरायचं. त्या खात्यावर बैठका ठरवायच्या नाहीत, सदस्यांची नावं लिहायची नाहीत, विषयाच्या ओळीत तर मुळीच नाहीत. त्यातली पत्रं स्वतःच्या नेहमीच्या पत्त्यावर पुढे पाठवण्याची सोय लावायची नाही. तो धागा आयपीपेक्षाही सरळ असतो.

जाहीर खातं फक्त टॉर ब्राउझरमध्ये, फक्त ओनियन पत्त्यावरून उघडायचं. फोनवर अॅप घ्यायचं नाही. फोनवर येणाऱ्या सूचना अॅपल किंवा गूगलच्या सर्व्हरवरून येतात, आणि सरकारं त्या नोंदीही मागतात, हे डिसेंबर 2023मध्ये अमेरिकी सिनेटर रॉन वायडन यांच्या पत्रातून उघड झालं. गटात चार जण ते खातं पाहत असतील तर चौघांनी हा नियम पाळायला हवा. एकाने एकदा घाईत फोनवरून उघडलं की बाकीच्यांची शिस्त वाया जाते. शक्यतो एकाच लॅपटॉपवरून, एकाच माणसाने पाहायचं.

खातं परत मिळवण्यासाठीचा ईमेल आणि फोन, हे दोन्ही रकाने रिकामे ठेवायचे. त्याऐवजी सेवा देते तो बारा शब्दांचा संच कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवायचा. तो हरवला आणि पासवर्डही विसरला तर खातं गेलं आणि जुनी पत्रंही गेली. ही किंमत आहे, ती आधीच मान्य करायची. पैसे भरायचे झाले तर कार्डावर नाव असतं, हे विसरायचं नाही. मोफत खातं पुरत असेल तर तेच घ्यायचं.

सेवा निवडताना ‘तुम्ही काय साठवता?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘उद्या माझ्या एका खात्याबद्दल आदेश आला तर त्या दिवसापासून तुम्ही काय टिपू शकता, आणि मला ते केव्हा कळेल?’ असं विचारायचं. उत्तर पारदर्शकता अहवालात सापडतं का ते पाहायचं.

चालू खात्याचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. घरच्या वायफायवरून उघडलेलं आणि महिनोन् महिने वापरलेलं खातं आज टॉरवर नेलं तर आजपासूनचे आयपी लपतील. पण परत मिळवण्यासाठी एकदा दिलेला पत्ता, खातं उघडताना पडताळणीसाठी वापरलेला नंबर आणि पुरवठादाराकडच्या मागच्या जोडण्यांच्या नोंदी तशाच राहतात. अशा वेळी जुनं खातं दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. टॉरवरून नवीन खातं उघडायचं. तिथे पडताळणीसाठी दुसरा ईमेल किंवा एसएमएस मागितला तर तो न देता वेगळ्या टॉर जोडणीवरून पुन्हा प्रयत्न करायचा. नवा पत्ता पोस्टरवर छापायचा, आणि जुन्या खात्यातून त्याकडे एकही पत्र पाठवायचं नाही.